गाव दिलं

नेरळ, ३ नोव्हेंबर

प्रिय इल्मा,

तू ग्रुप सोडलास आणि माझा नंबरही बंद केलास, म्हणून कागदावर लिहिते आहे. हे पत्र तौकीरदादाच्या हाती देणार आहे. चौक गावात त्याच्या दुकानावर जाऊन विचारलं, तर म्हणाला, “अगं, मी पंक्चर काढतो, टपाल नाही वाटत.” मग हात पुढे केला आणि म्हणाला, “लिहून आण. ग्रीस लागलं तर मला नावं ठेवू नका दोघी.” तेव्हा कोपऱ्यावर काळा डाग असला तर तो माझा नाही.

त्या रविवारी झालं ते मी क्रमाने लिहिते. तुला वेगळं आठवत असेल तर सांग, मी दुरुस्त करीन.

दसऱ्यानंतरचा रविवार. कर्जतला शाळेच्या वर्गात आपल्या ‘ओळखा पाहू’ ग्रुपची वर्षाची बैठक. या वर्षीचा नियम तुझाच होता: सामान्यज्ञानाचे प्रश्न पुरे झाले, यंदा प्रत्येकाने आपल्या घरचं एक उमाणं, तोंडी चालत आलेलं कोडं, आणायचं. पुस्तकातलं नको, नेटवरचं नको. कुणालाच सुटलं नाही तर तो जिंकला. तू तुझ्या अम्मीला, जुबेदा खालांना, सोबत आणलंस. त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. मोरपंखी ओढणी, आणि मांडीवर सांदणांचा डबा. उमाणी उतरवायची वही माझ्याकडे होती, नेहमीसारखी. तू उभी राहून म्हणालीस:

आगरात जन्मलं, उन्हात वाढलं,
डोंगर चढून घरोघरी गेलं,
आईच्या कुशीत परत शिरलं
आणि दिसेनासं झालं.

बुधाजीकाका लगेच उठले. “आगारात जन्मतं ते काय, हे माझ्याशिवाय कोण सांगणार? अठ्ठावीस वर्षं कंडक्टर होतो. तिकीट!” साजगावचा अक्षय म्हणाला, “काका, तिकिटाला आई कुठली?” काका म्हणाले, “तिकिटाची पेटी.” सगळे हसले. कुणालाच आलं नाही. मला येत होतं. उत्तर मीठ, आणि आई म्हणजे पाणी. मला ते चौथीपासून येतं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, “हे इल्माच्या घरचं नाही. हे माझ्या बाबांचं आहे. मागच्या वर्षी ती आमच्या वाडीवर आली होती, तेव्हा ऐकलंय. शब्दही चुकलाय. आगारात असं हवं. माझे बाबा शिकलेले नाहीत, ते आगर म्हणतात. हिने बाबांची चूकसुद्धा तशीच्या तशी उचलली.”

तू म्हणालीस, “मी लहान असल्यापासून अम्मीकडून ऐकलंय.”

मी म्हटलं, “पुरावा?”

पुन्हा सगळे हसले, कारण ग्रुपमध्ये दिवसातून दहा वेळा मी हा शब्द टाइप करते. तू हसली नाहीस. म्हणालीस, “लिही मग वहीत. पेनानं लिही.” आणि मी लिहिलं. लाल पेनाने ‘आगरात’मधल्या ग ला काना दिला आणि समासात लिहिलं, ‘घरचं नाही’. मान वर केली तेव्हा खाला डब्याचं झाकण लावत होत्या. डबा कुणी उघडलाच नव्हता.

इल्मा, मी बोलले ते खरं होतं. पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. खालांसमोर तर नकोच. तेवढ्याबद्दल मला माफ कर.

या पत्राचा प्रश्न: आपल्या खोपोली-खालापुरातून वाहणारी पाताळगंगा शेवटी कुठल्या खाडीला मिळते? उत्तर तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. तरी कळव.

वनिता


नेरळ, ३० नोव्हेंबर

प्रिय इल्मा,

पत्र पोचलं का? तौकीरदादा म्हणतो, “पोचवलं. वाचलं की नाही ते मला विचारू नको, मला माझा जीव प्यारा आहे.” त्याच्याचकडून कळलं, तुझा निकाह पाच जानेवारीला आहे आणि महिनाअखेर तू मस्कतला जाणार. “आमंत्रण आलं का गं तुला?” असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, येईल. तो पान्ह्याने नट पिळत राहिला.

मागचं पत्र मी चार वेळा मनात वाचलं. त्यातली माफी मला आता बरोबर वाटत नाही. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखी झाली आहे. पण खरं सोडून कसं लिहू, तेही कळत नाही.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. तीन वर्षांत सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं नाही. माझ्या आईचं नाव चिंधी. चौथीत असताना रेशनकार्डाचा फॉर्म भरायला घरात मीच होते, दुसरं कुणी लिहिणारं नव्हतं. मी घाईत ‘चिंदी’ लिहिलं. ते कार्डावर तसंच आलं, कार्डावरून बँकेत गेलं, बँकेतून आधारवर. आज माझी आई सरकारदरबारी चिंदी आहे. ती हसते, म्हणते, “काय फरक पडला, दोन्ही फाटकीच.” पण तुमच्या घरात कुणी चुकलं तर दुसरं कुणी वाचून दुरुस्त करतं. आमच्याकडे मी चुकले की अख्खं घर चुकतं. झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरताना मी प्रत्येक नाव तीनदा विचारते. लोक वैतागतात. पुरावा मागायची सवय तिथून लागली आहे. कुणाला खोटं पाडायला नाही, इल्मा. भीतीने.

सकाळी वाडीवरून उतरताना चिंचेपाशी फोनला रेंज येते. तीन वर्षं तिथे पोचले की खिशातून टुणकन आवाज यायचा आणि तुझा प्रश्न यायचा. मग नेरळपर्यंतची वाट त्या प्रश्नाची. अजूनही चिंचेपाशी पाय थांबतात. आवाज येतो, पण तो कुठल्यातरी कंपनीचा असतो.

आपलं गाव देणं आठवतं का? पहिल्यांदा तू हरलीस तेव्हा मी आमच्या वाडीची रीत सांगणार होते, की उमाणं सुटलं नाही तर ‘गाव दिलं’ म्हणायचं आणि घालणाऱ्याला एका गावाचं नाव द्यायचं. मी सांगायच्या आधीच तू म्हणालीस, “घे, खोपोली दिली.” मी विचारलं तुला कसं ठाऊक, तर म्हणालीस आमच्यातही असंच. मला वाटलं तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस. तुझी एकशे बारा गावं माझ्याकडे आहेत. पेण दिलंस, पाली दिलीस, लंडन दोनदा दिलंस.

तुला मी एकही दिलं नाही. दर वेळी ‘उद्या सांगते’ म्हणायचे आणि शोधून काढायचे.

मला तुझी खूप आठवण येते.

वनिता


नेरळ, १८ डिसेंबर

प्रिय इल्मा,

तुझं पाकीट मिळालं. आत वहीच्या पानाची एवढीशी पट्टी, आणि तिच्यावर एकच शब्द: ‘पुरावा?’

तौकीरदादा विचारत होता, “काय लिहिलंय? समेट झाला का?” मी पट्टी दाखवली. वाचून म्हणाला, “दोघी सारख्याच आहात. तुमचं टपाल बंद करून मी गॅरेजच चालवावं हे बरं.”

पण मी खूश आहे. तुझं अक्षर बघून खूश आहे. प्रश्नचिन्हाचं टिंब तू अजून गोल काढतेस.

हा पुरावा कशाचा मागितला आहेस ते तू लिहिलं नाहीस. मी दोन्ही देते.

पहिला, आठवण येते याचा. दुकानात परवा एक बाई आल्या, मुलीचं नाव इल्मा. मी फॉर्मवर आडनाव तुझं लिहून मोकळी झाले. त्यांनीच धरलं. वीस वर्षांत फॉर्मवर केलेली माझी ही दुसरी चूक. दुसरं म्हणजे, ग्रुपवर अक्षयने विचारलं, रायगड जिल्ह्याचं जुनं नाव काय. मला कुलाबा येत होतं. मी उत्तर दिलं नाही. ते तुझं आवडतं होतं, तू लगेच टाकलं असतंस, म्हणून मी वाट बघत बसले. शेवटी बुधाजीकाकांनी ‘अलिबाग’ लिहिलं आणि त्याच्यावर अंगठे आले. मी तेही दुरुस्त केलं नाही. माझ्यासाठी हा केवढा पुरावा आहे, ते तुला कळेल.

दुसरा, उमाण्याचा. या रविवारी बाबांना समोर बसवून विचारते आणि मोबाईलवर रेकॉर्ड करते. ते उमाणं त्यांना कुणी शिकवलं, कधी शिकवलं, सगळं. बाबांना आपल्या भांडणातलं मी काही सांगितलेलं नाही. ते अजून विचारतात, “ती चौकची पोर येत नाय गं हल्ली?” मी सांगते, तिला काम आहे.

रेकॉर्डिंग पाठवते. त्यानंतर तरी आपण बोलू.

वनिता


कळकवाडी, २३ डिसेंबर

इल्मा,

हे पत्र घरून लिहिते आहे. दुकानात लिहायचा धीर झाला नाही.

परवा रविवारी बाबा अंगणात टोपली विणत होते. आई चुलीपाशी. मी मोबाईल दगडावर उभा केला, बटण दाबलं. पुढचं सगळं रेकॉर्डिंगमधून उतरवते आहे, त्यात माझा एकही शब्द घातलेला नाही.

मी: बाबा, ते आगारातलं उमाणं तुम्हाला कुणी शिकवलं?

बाबा: आगार नाय गं. आगर.

मी: आगार, बाबा. एसटीचं.

बाबा: एसटीचा काय संबंध? मीठ पिकतं तो आगर. खाडीच्या अंगाला, पेणकडं. मी पायलाय ना. पाणी आडवून ठेवतात, उन्हानं सुकवतात.

आई (चुलीपासून): ती शाळंत गेली ना. तिला वाटतं मीठ दुकानात पिकतं.

इल्मा, दुकानातही नाही. मला वाटायचं मीठ कर्जतच्या एसटी आगारात तयार होतं. लहानपणी मिठाचं पोतं गाडीच्या टपावरून यायचं आणि गाडी आगारातून यायची. मला ते अगदी बरोबर बसलं. चौथीत शाळेच्या वहीत मी ‘आगारात जन्मलं’ लिहिलं आणि गुरुजींनी खूण केली. बाबा आगर म्हणाले की मला वाटायचं, शिकलेले नाहीत, कान्याचा शब्द त्यांच्या तोंडात बसत नाही. वीस वर्षांत मी शेकडो शब्द तपासले. हा एक कधी तपासला नाही, कारण तो बाबांचा होता.

पुढे ऐक.

मी: पण उमाणं आपलंच ना? आपल्या वाडीचं?

बाबा: आपलं कसलं? तं मीठवाल्या चाचाचं. सायकलीवर येचा, मीठ नि सुकट घेऊन. चिंचेखाली बसला नि मला घातलं. मी तवा बिनलग्नाचा. लई इचार केला. पुढल्या खेपेला आला, ‘सुटलं का रं पोशा?’ नाय. त्याच्या पुढल्या खेपेला आला, ‘सुटलं का?’ नाय. मग हरलो. गाव दिलं.

मी: कोणतं?

बाबा: आपलं.

मी: आपलं कुणी देतं का, बाबा? लोक मुंबई देतात, दिल्ली देतात.

बाबा: ती काय माजी व्हती द्यायला? नेरळ शेटलोकांचं, माथेरान सायबांचं. माजं जे व्हतं तं दिलं.

आई: आन् मला सांगितलं पण नाय. इतकी वर्सं मी दुसऱ्याच्या गावात चूल पेटवतेय.

बाबा: तो म्हनला, लेक चौकला दिलीये. तिला सांगीन, तुज्या बापाचा एक गाव हाय डोंगरात. ती चौकची पोर आली व्हती ना मागं, तिला मी हेच उमाणं घातलं. माजं तोंड मिटायच्या आधी मीठ म्हनली. मी म्हनलं, बरोबर, ही त्याच्याच घरातली. तू कुठं व्हतीस तवा?

मी चिंचेपाशी होते, इल्मा. रेंजमध्ये. तू जेवताना काहीतरी सांगितलं होतंस आणि मी ते खरं आहे का बघायला गेले होते.

आगर हा शब्द डोंगरातला नाहीच. तो खाडीवरून आला. तुझ्या तोंडी तो होता, हाच तर पुरावा होता. आणि मी त्याच शब्दावरून तुला चोर ठरवलं. उमाणं तुझ्या नानांचं. बाबा बरोबर, तू बरोबर, खाला बरोबर. एका कान्याने मी चुकले, आणि तो काना लाल पेनाने तुझ्या आईसमोर दिला.

रेकॉर्डिंग सोबत मेमरी कार्डावर देते आहे. आज प्रश्न नाही.

वनिता


कळकवाडी, १२ जानेवारी

प्रिय इल्मा,

निकाह मुबारक. तौकीरदादाने फोटो दाखवला. मेंदीत तुझी बोटं ओळखू येत नव्हती, पण उजव्या अंगठ्याचं नख चावलेलं दिसलं. म्हणजे तूच.

मागच्या पत्रालाही उत्तर आलं नाही. येऊ नये हेच बरोबर असेल. या पत्रात मी काही मागणार नाही, फक्त झालेलं सांगते.

काल मी ग्रुपला पुन्हा बैठकीला बोलावलं. मी वही घेऊन उभी राहिले आणि सगळ्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं. आपल्यात पान फाडायचं नाही, म्हणून ते पान तसंच ठेवलंय. लाल काना खोडला आणि खाली लिहिलं: ‘आगर हा शब्द बरोबर. उमाणं इल्माच्या घरचं, तिच्या नानांचं. चूक वनिताची.’ बुधाजीकाका म्हणाले, “म्हणजे तिकीट नव्हतंच?” आणि मला हसू आलं, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

तिथून मी थेट चौकला गेले, तुमच्या घरी. तुझ्या वडिलांनी, झाकीर चाचांनी, दार उघडलं आणि आत वळून म्हणाले, “जुबेदा, ती लाल पेनवाली आलीये.” मला उंबऱ्यावरूनच परत फिरावंसं वाटलं. खाला बाहेर आल्या. म्हणाल्या, “आधी बस. चहा घे. रडायचं असेल तर चहा झाल्यावर रड, नाहीतर तो गार होतो.”

मी जमिनीवर बसले. जे पाठ केलं होतं ते सगळं विसरले. खाला म्हणाल्या, “मला वाचता येत नाही गं. तू काय लिहिलंस ते मला कळलं नाही. पण रंग कळला.” मग म्हणाल्या, “तुमच्या अख्ख्या वाडीनं माझ्या अब्बाचं मीठ खाल्लं, आणि तू त्यांच्याच नातीला चोर म्हणालीस.” मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवर हात मारला, जोरात, लागला. “अब्बा असते ना, तर तुला अजून एक उमाणं घातलं असतं. कठीण.”

इल्मा, तेव्हा मला कळलं, त्यांना वाचता येत नाही. मी तीन वर्षं धरून चालले होते, की तुमच्या घरात कुणीतरी वाचून दुरुस्त करतं. तू एकदाही म्हणाली नाहीस की तुझ्या आईचेही फॉर्म तूच भरतेस. मी विचारलंच नव्हतं. जगातले सगळे प्रश्न विचारले, हा नाही.

निघताना मी खालांना विचारलं, इल्मा मला माफ करील का. त्या म्हणाल्या, “तिला तुझी माफी नको आहे. पत्र आलं की वाचते, घडी घालते, कपाटात ठेवते. म्हणते, अम्मी, ही अजून शोधतेच आहे, हिला नुसतं हरता येत नाही.”

येताना टेंपोत ते वाक्य घेऊन बसले. खरंच आहे. पहिल्या पत्रात मी क्रम दिला, दुसऱ्यात कारण दिलं, तिसऱ्यात पुरावा, चौथ्यात रेकॉर्डिंग. प्रत्येक वेळी मी उत्तर शोधूनच आले. आत्ताही कदाचित तेच करते आहे.

तुझी ती पट्टी माझ्यासमोर आहे. ‘पुरावा?’ पुरते पंचवीस दिवस मी ती सोडवायला बघते आहे. तू कशाचा पुरावा मागितला होतास, मला ठाऊक नाही. तू रागाने लिहिलंस की हसून, तेही ठाऊक नाही. मस्कतला गेल्यावर तिथल्या सकाळी तुला प्रश्न सुचला तर तो कुणाला पाठवशील, ठाऊक नाही. आपण पुन्हा बोलू का, ठाऊक नाही. हे कुठे शोधून सापडत नाही. मी चिंचेपाशी जाऊनही बघितलं.

आज सकाळी बाबांना विचारलं, गाव घेणाऱ्याने पुढे काय करायचं असतं. ते म्हणाले, “काय करायचं? एकदा येऊन पाणी प्यायचं, मग गाव त्याचा. चाचा प्यायला व्हता, आपल्याच हंड्यातलं.” मग टोपलीचा काठ वळवत म्हणाले, “त्याची नात पण प्याली मागं. पण तवा ती पावनी व्हती. पावन्याचं पाणी येगळं.”

तौकीरदादा म्हणतो तुझं विमान एकतीसला आहे. त्याआधीचा शेवटचा रविवार पंचवीस तारखेचा. येशील की नाही हे मी विचारत नाही. मी सकाळपासून चिंचेखाली असेन आणि फोन घरी ठेवून येईन. आईने हंडा आत्तापासून घासायला काढलाय. म्हणते, मालकीण येणार असेल तर तिच्या गावाला शोभेलसं दिसू दे.

मला उत्तर आलं नाही, इल्मा. उद्याही सांगणार नाही. हरले.

कळकवाडी. आधी बाबांनी दिलं होतं, आता मी देते.

गाव दिलं.

वनिता